इस्टर लिलीचे कांदे: थंडी किती, कुठे आणि किती दिवस?

पोफळीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

वेंगुर्ल्याजवळ आमची पोफळीची बाग आहे. तिच्या कडेला तीन वर्षांपूर्वी छोटं पॉलिहाऊस टाकलं आणि जरबेरा लावून हात पोळून घेतले. मग गेल्या वर्षी शेजारच्या मावशींनी विचारलं, "इस्टरला वेदीपुढे मांडायला पांढऱ्या लिलीच्या वीस कुंड्या देशील काय रे?" मावशी चर्चच्या सजावटीचं बघतात. मी होय म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका.

६० कांदे मागवले, ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. लिलीला आधी थंडी दाखवावी लागते एवढं वाचलं होतं. पहिले वीस घरच्या फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेत ठेवले, ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या दोन पिशव्यांत. दुसरे वीसही कोकोपीटमध्येच, पण मित्राच्या आंब्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. तिथे १३ अंश असतं. तोवर कोकोपीट संपलं, म्हणून उरलेले वीस कागदी पिशव्यांत कोरडेच भावाच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये गेले. सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरच्या सुमारास, सगळे एकाच दिवशी एकाच मातीत लावले.

२०२५ चा इस्टर होता २० एप्रिलला. घरच्या फ्रीजमधल्या निम्म्या कुंड्या मार्चअखेरीस फुलून गळूनही गेल्या, निम्म्या एप्रिलच्या शेवटी कळीवर आल्या. आंब्याच्या स्टोरेजमधल्या मे महिन्यात फुलल्या, सहा तर नुसती पानंच काढत बसल्या. कोरड्या ठेवलेल्यांपैकी पाच सुरकुतून गेले, बाकीचे मनाला येईल तसे उगवले. साठांतून सणाला तीन कुंड्या बऱ्या दिसत होत्या.

मावशी काही बोलल्या नाहीत. तिन्ही कुंड्या पायरीवर मांडल्या, मधल्या मोकळ्या जागेत निशिगंधाच्या काड्या खोवल्या. त्यातल्या एका कुंडीची वरची कळी अजून हिरवीच होती. मिस्साभर मी तिच्याकडेच बघत होतो.

कांदे तेच, माती तीच, पाणी तेच. मग घोळ साठवणीतच झाला का?

मालवणी_खाजा

कांदे फ्रीजात ठेवलंस तर बांगडे खंय ठेवतलंस?

रानभेंडी

आमच्याकडे ह्यांनी एकदा ट्यूलिपचा कांदा पोह्यांसाठी चिरायला घेतला होता. सासूबाईंनी नुसता वास घेऊन ओळखला म्हणून वाचलो. तेव्हापासून फ्रीजमधल्या प्रत्येक पिशवीवर मी नाव लिहिते. प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, वाचतेय.

देवगडचा_हापूस

अहो, थंडीशिवाय मोहोर नाही हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डिसेंबरात रात्री गारठा पडला नाही की कलमं नुसती पालवी काढतात. तुमच्या त्या सहा कुंड्यांनी तेच केलं. १३ अंशांत हापूस सुखाने झोपतो, कारण त्याखाली नेला तर त्याला थंडी बाधते, साल काळपट पडते. जे आंब्याला मानवतं ते लिलीला मानवेलच असं नाही.

नाहीतर आंब्याला मोहोर आणायला घालतो ते कल्टार सरळ घाला. (हलके घ्या.)

काचघर

कल्टारच्या विनोदात थोडं तथ्य आहे, त्यावर नंतर येतो. आधी मूळ प्रश्न.

मी कॅनडात ग्रीनहाऊसमध्ये सहा हिवाळे काम केलं, आता गुहागरला असतो. तिथले सगळे जानेवारी-फेब्रुवारी लिलीच्या मागे गेले.

थंडीने फूल तयार होतं ही समजूत आधी काढून टाका. ट्यूलिपचं फूल कांद्याच्या पोटात आधीच तयार असतं, थंडी त्याला नुसतं बाहेर काढते. इस्टर लिली तशी नाही. सहा आठवडे थंडीत राहिलेला कांदा उभा चिरून बघा. आत कोंब दिसेल, पानांच्या घड्या दिसतील, कळीचा मागमूस नसेल. कळ्या धरतात त्या कोंब मातीबाहेर येऊन वीतभर होता होता. थंडीचं काम एवढंच की कोंबाच्या शेंड्याला पानं आवरून लवकर फुलावर यायला लावायचं. थंडी कमी पडली तर झाड पानांवर पानं काढत राहतं, फुलतं पण उशिरा, आणि प्रत्येक कुंडी आपापल्या मुहूर्तावर. थंडी जास्त झाली तर घाई करतं, पण पानंही कमी आणि कळ्याही कमी. म्हणून आणखी चार आठवडे ठेवू, बिघडलं कुठे, असं करू नका. पाच कळ्यांच्या तीन होतील.

माप सांगतो. ४.५ ते ७ अंश, सहा आठवडे, म्हणजे अंदाजे १,००० तास. १३ वर हे काम फार रेंगाळतं, तुमचा दुसरा ढीग तिथे फसला.

तिसरा ढीग फसला तो ओलीपायी. कोरड्या कांद्याला थंडी नीट लागू होत नाही. साध्या कांद्याला वरून कोरडं साल असतं, लिलीच्या कांद्याला काहीच नसतं, लसणाच्या पाकळ्या उघड्या ठेवाव्यात तशी त्याची दशा. म्हणूनच हे कांदे पेट्यांमध्ये ओलसर पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) भरून येतात. आपल्याकडे कोकोपीट उत्तम. मुठीत दाबलं तर तळवा ओलसर व्हावा, थेंब पडता कामा नये. जास्त ओल झाली तर बुरशी.

पहिला ढीग मात्र मला कळत नाही. थंडी बरोबर, ओल बरोबर, तरी निम्मे एका वेळी आणि निम्मे महिन्याने? फ्रीजमध्ये काहीतरी घडलंय. लाईट गेली होती का?

पोफळीवाला

काचघर, दंडवत. लाईट एकदा रात्रभर गेली होती, पण दार उघडलं नव्हतं. आणि दोन्ही पिशव्या एकाच ट्रेमध्ये होत्या.

गच्चीतली_बाग

एक बाळबोध शंका. ती नक्की इस्टर लिलीच होती का? आपल्याकडे वाटेल त्याला लिली म्हणतात. माझ्याकडे 'इस्टर लिली' म्हणून आलेला कांदा होता नारळाच्या करवंटीएवढा, वरून तपकिरी साल. फुलला तेव्हा लाल भोंगे आले. तो हिपीएस्ट्रम निघाला.

पोफळीवाला

नाही हो, माझे पांढुरके, खवल्याखवल्यांचे होते, साल अजिबात नव्हतं. फुलं लांब पांढऱ्या कर्ण्यासारखी, आडवी, दोन घरं पलीकडे वास जाणारी. लोंजिफ्लोरमच, म्हणजे शास्त्रीय नावानेही इस्टर लिलीच.

सह्याद्रीपलीकडे

मत स्पष्ट मांडतो, राग नसावा. जिथे जानेवारीच्या रात्री अंगावर चादर पुरते तिथे थंड देशाचं फूल लावून फ्रीजची बिलं भरायची हा हट्ट आहे. निशिगंध लावा, सोनटक्का लावा. मावशींनाही तेच आवडलं असतं.

जुनी_पानं

थंड देशाचं फूल? ही लिली मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांची आणि तैवानची. ओकिनावाचा जानेवारी सरासरी १७ अंशांच्या आसपास असतो. खारा वारा, प्रवाळाची चुनखडी जमीन, वादळं. बर्फाळ देशाशी तिचा संबंध बाजाराने जोडला.

त्या बाजाराची गोष्टही मजेची आहे. १९ व्या शतकात अमेरिकेला हे कांदे बर्म्युडा बेटावरून जात. तिथे रोग पडला आणि धंदा जपानकडे गेला. १९१९ मध्ये लुई हॉटन नावाचा माणूस सुटकेसभर कांदे घेऊन ऑरेगॉनच्या दक्षिण किनाऱ्यावर गेला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत सुटला. १९४१ मध्ये जपानशी युद्ध जुंपलं, जपानी कांदे बंद झाले आणि परसातल्या हौशी लोकांच्या कांद्यांना सोन्याचा भाव आला. त्यांना 'पांढरं सोनं'च म्हणत. आजही ऑरेगॉन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरची किनारपट्टी या कांद्यांचं आगर आहे. सगळ्यात चालणारी जात 'नेली व्हाइट', उत्पादकाने बायकोचं नाव दिलेली.

मालवणी_खाजा

बायलेचा नाव दिल्यार ती येळेर कशी फुलतली?

रानभेंडी

खाजाभाऊ, घरी हा प्रतिसाद दाखवू का?

सह्याद्रीपलीकडे

जुनी_पानं, ओकिनावाचं मान्य, शब्द मागे घेतो. पण मग १७ अंशांत राहणाऱ्या झाडाला फ्रीज कशाला?

काचघर

चांगला प्रश्न. फ्रीजशिवायही फुलेल. ओकिनावाला एप्रिल-मेमध्ये रानोमाळ फुलते, कोणी पेटीत घालत नाही. पण तिथे तिला तारखेचं बंधन नाही. आज एक फुललं, पंधरा दिवसांनी दुसरं, डोंगराला काय फरक पडतो? एकाच दिवशी वीस कुंड्या हव्या असतील तर थंडी मोजूनमापून द्यावी लागते.

वसईचा_वारा

तारखेवरून सांगते. आमच्याकडे फुलांचा व्यवसाय घरचाच, चर्चला फुलं देणं आईच्या काळापासून चालू आहे. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट लक्षात येत नाही. इस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, त्यात वेदीवर फुलं मांडत नाहीत. एखाददुसरा रविवार किंवा सण सोडला तर वेदी उघडीच असते. शनिवारी रात्रीच्या जागरणविधीला एकदम फुलं येतात आणि सगळं देऊळ बदलून जातं. म्हणजे आठ दिवस आधी फुललेली लिली तुमच्या मावशींना कितीही सुंदर असली तरी उपयोगाची नाही. गणपतीनंतर आलेल्या मखरासारखं.

त्यात सण फिरता, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीही. २०२४ मध्ये ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला, २०२६ मध्ये ५ एप्रिलला. गेल्या वर्षीची तारीख धरून कांदे लावलेत तर हमखास फसाल.

पोफळीवाला, तीन कुंड्या आणि निशिगंध ही मांडणी मला तरी छानच वाटली. तुमच्या मावशी समजूतदार आहेत.

दिवेलागण

आमचा अनुभव शेवंतीचा. ती लांबवायची असेल तर पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात. रात्र तुटली की शेवंती फुलायचं विसरते. लिलीला दिवे लावून उशीर करता येईल का?

काचघर

उलटं होतं! शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते, म्हणून दिवे तिला अडवतात. लिलीला दिवे पुढे ढकलतात. थंडी कमी पडली असेल तर कोंब दिसताच रात्री १० ते २ साधे दिवे लावायचे. थंडीचा जितक्या आठवड्यांचा तुटवडा, तितके आठवडे दिवे. चार आठवडेच थंडी मिळाली तर दोन आठवडे दिवे. तिकडे बरेच जण विम्यासारखे लावतात, कारण पेटीच्या मधल्या कांद्यांना पुरेशी थंडी मिळाली की नाही हे बाहेरून कोण सांगणार? तुमच्या आंब्याच्या स्टोरेजमधल्या कुंड्या दिव्यांनी बऱ्याचशा सावरल्या असत्या.

आता उंची. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, ते झाडाची वाढ रोखतं, आणि त्याच कुळातली औषधं लिली बुटकी ठेवायला तिकडे वापरतात. फूल आणायला नव्हे. कोकणात उंचीचा त्रास होणारच, कारण फेब्रुवारीत दिवसा ३३ आणि रात्री १८. दिवस आणि रात्रीच्या तापमानात जितकं अंतर, तितकी लिली लांबुडकी. औषधाआधी भर दुपारी शेडनेट ओढा आणि बाजूचे पडदे वर करा.

देवगडचा_हापूस

म्हणजे मी बरोबर होतो. (नसलो तरी तसं मानून चालतो.)

आणखी एक. माझ्या स्टोरेजमध्ये कोणी कांदे ठेवायला आणले तर मी ठेवू देणार नाही. पिकता आंबा वायू सोडतो. आढीत एक आंबा पिकायला लागला की शेजारचे धरतात, ते त्यामुळेच. त्या वायूत फुलझाडाचं काय होतं कोणास ठाऊक.

काचघर

इथिलीन. लिलीच्या कळ्या त्याने करपतात, कोंबही बिघडतो. नोव्हेंबरात त्यांच्या मित्राकडे आंबे नसणार म्हणा, पण घरच्या फ्रीजमध्ये त्याच ट्रेत सफरचंदं असतात, ती आंब्यापेक्षा कमी नाहीत. पोफळीवाला, ट्रेमध्ये आणखी काय होतं?

पोफळीवाला

हा प्रश्न वाचून आईला विचारायला गेलो आणि सगळा उलगडा झाला.

सफरचंदं नव्हती. पण डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईहून काका-काकू आले होते. सुरमई आणली होती, ट्रेमध्ये जागा नव्हती, म्हणून आईने एक पिशवी बाहेर काढून फ्रीजच्या मागे जमिनीवर ठेवली. "चार दिवस होती, मग परत ठेवली हो मी, टाकली नाही," असं म्हणाली. फ्रीजच्या मागे! जिथून गरम हवा येते तिथे.

दुसरी पिशवी जागच्या जागी होती. दहा आणि दहा. निम्म्या आणि निम्म्या.

रानभेंडी

आईंना साष्टांग नमस्कार. म्हणूनच म्हणते, पिशवीवर नाव लिहा. 'हात लावू नये, चर्च' असं लिहिलं असतं तर सुरमई बाहेर राहिली असती.

मालवणी_खाजा

सुरमई भायर? देव बघता हां.

काचघर

सापडला चोर. थंडी चालू असताना किंवा संपल्यावर लगेच कांद्याला बरेच दिवस कडक ऊब लागली तर मिळालेली थंडी काही अंशी पुसली जाते. विणलेलं उसवावं तसं. फ्रीजच्या मागे ३५ च्या पुढे सहज जात असेल. कुंड्या लावल्यावरही हे लक्षात ठेवा. फ्रीजमधून काढून थेट पत्र्याखाली ठेवू नका, पहिले पंधरा दिवस घरातली सगळ्यात गार जागा द्या. माजघर किंवा विहिरीजवळची पडवी. आणि खोल लावा, कांद्यावर निदान चार बोटं माती हवी, कारण या लिलीला कांद्याच्या वरच्या देठालाही मुळं फुटतात.

तिकडे एक पद्धत आहे, कांदा आधी कुंडीत लावून तीन आठवडे १७ अंशांवर मुळं धरू द्यायची आणि मग अख्खी कुंडी सहा आठवडे थंडीत. झाडं सगळ्यात एकसारखी येतात. पण त्याला खोलीएवढा फ्रीज लागतो, म्हणून तुम्हाला सुचवत नाही.

गच्चीतली_बाग

समजा थंडी नीट दिली. मध्येच कसं कळणार की झाड वेळेवर आहे की मागे पडलंय? ५ एप्रिलची सकाळ उजाडेपर्यंत नुसतं देवावर सोडायचं?

काचघर

पानं मोजायची. मस्करी नाही. कळ्या धरल्या की झाडाची एकूण पानं ठरून जातात, नवीन येत नाहीत. चांगल्यातली एक कुंडी बळी द्यायची. उघडलेली पानं मोजायची, मग शेंड्यातली मिटलेली सुईने एकेक सोडवून भिंगाखाली मोजायची. समजा ४० उघडली आणि ४५ राहिली, आणि कळ्या दिसायला ३० दिवस हवेत. म्हणजे दिवसाला दीड पान उघडायला हवं. दर चार दिवसांनी शेवटच्या उघडलेल्या पानाला तारेचं कडं अडकवून बघायचं. कमी उघडली तर ऊब वाढवा, जास्त उघडली तर गारवा द्या. सहा हिवाळ्यांत मी किती पानं सोडवली असतील! अजून कढीपत्ता निवडताना बोटं मोजायला लागतात.

कळी बाहेर दिसल्यापासून फूल उघडायला साधारण ३० ते ३५ दिवस. कोकणच्या उकाड्यात त्याहून कमी लागतील.

वसईचा_वारा

आणि लवकर आलीच तर एक युक्ती. पहिली कळी पांढरी होऊन फुगली, पण उघडलेली नाही, अशा वेळी कुंडीला पाणी देऊन २ ते ४ अंशांत अंधारात ठेवायची. दहा-बारा दिवस तशीच थांबते. म्हणून आमच्याकडे नेम सणाच्या दिवसावर धरत नाहीत, आठवडाभर आधीचा धरतात. उशीर झालेल्याला ओढून आणता येत नाही, लवकर आलेल्याला थांबवता येतं.

फूल उघडलं की आतले पिवळे परागकोश चिमटीने काढून टाका. फूल जास्त टिकतं आणि वेदीच्या पांढऱ्या कापडावर डाग पडत नाहीत. तो डाग ओल्या हाताने पुसू नका, पसरतो.

मनीमाऊ

इतके प्रतिसाद झाले तरी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. घरात मांजर असेल तर ही लिली घरात आणूच नका. पान, फूल, पराग, कुंडीतलं पाणीसुद्धा, थोडं पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. चाटलेलं दिसलं तर वाट न बघता त्याच तासाला डॉक्टर गाठा. मी एक मांजर असं गमावलंय.

पोफळीवाला

मनीमाऊ, फार वाईट वाटलं. आमच्याकडे तीन मांजरं आहेत, बरं झालं सांगितलंत. पॉलिहाऊसला जाळीचं दार आजच बसवतो. मावशींच्या घरीही बोका आहे, त्यामुळे कुंड्या त्यांच्या घरी न ठेवता थेट चर्चमध्येच पोचवीन.

सगळ्यांचे आभार. यंदा ४० च कांदे मागवलेत, दोन-तीन दिवसांत येतील. सगळे कोकोपीटमध्ये, सगळे एकाच फ्रीजमध्ये. १५ डिसेंबरच्या आसपास लावणार, नेम २९ मार्चचा. एक कुंडी पानं मोजायला बळी, दिवे टांगून तयार, लागले तर पेटवीन.

मालवणी_खाजा

आणि बांगडे?

पोफळीवाला

जुना फ्रीज घेतला, फक्त कांद्यांसाठी. मागच्या पडवीत ठेवलाय. वायरवाला थर्मामीटर आत सोडून काल रात्रभर दर दोन तासांनी उठून आकडे लिहिले. वरच्या कप्प्यात १.८, मधल्या कप्प्यात ५.६, खालच्या ट्रेत ९ च्या वर. म्हणजे गेल्या वर्षी भाजीच्या ट्रेत काय असेल ते आता कळतंय. पेटी मधल्या कप्प्यात जाणार.

सकाळी उठून बघतो तर आईने आत सोलकढीचं पातेलं ठेवलेलं. म्हणे, रिकामाच तर होता.